दगडाची माती, मातीचा दगड

मुलांनो, तुमच्या घरी पाटा-वरवंटा आहे का? उर्दूत त्याला सिल-बट्टा म्हणतात. आता बहुतेक घरांत मिक्सर आला आहे आणि पाटा मोरीजवळ भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. असला तर आज त्यावरून एकदा हात फिरवा. मधला भाग गुळगुळीत लागेल आणि कडेपेक्षा किंचित खोल गेलेला असेल. पाटा असा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला नीट वाटला जात नाही, मिरची नुसती इकडून तिकडे घसरते. म्हणून पूर्वी गल्लीतून "पाट्याला टाकी लावायची का, टाकी?" अशी हाक देत पाथरवट बाई फिरत असे. छिन्नी-हातोडीने ती पाट्यावर बारीक बारीक खाचा पाडून देई. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा, तिला ती हाक नक्की आठवेल.

आता मला सांगा, पाट्याच्या मधला दगड गेला कोठे? तो कोणी उचलून नेला नाही. चोरीलाही गेला नाही. तो चटणीबरोबर थोडा थोडा घरातल्या सगळ्यांच्या पोटात गेला. रोज इतका थोडा, की कोणाला कळलेसुद्धा नाही. यालाच मराठीत 'झीज' म्हणतात.

पाटा झिजतो, तर ज्या डोंगरातून तो पाटा काढला तो डोंगर झिजत नसेल का? तोही झिजतो. फक्त त्याला झिजवणारे हात वेगळे आहेत आणि त्यांना बहुधा घाई नसते. 'बहुधा' म्हणालो, कारण कधी कधी ते घाई करतात. तेव्हा काय होते, तेही या पाठात पुढे येणार आहे.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही हा विषय वाचला असेल. तेथे व्याख्या असतात. आपण येथे व्याख्यांच्या मागे न लागता एका नदीच्या मागे जाऊ. महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुका शोधा. तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर घोड नदी उगम पावते. शेजारच्या जुन्नर तालुक्यातून कुकडी नदी येते आणि पुढे घोड नदीला मिळते. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराला जाते. यात एक गंमत आहे. घोड नदी जेथे उगम पावते तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी तिचे पाणी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालून दूरच्या समुद्राला मिळते. सह्याद्रीची उभी भिंत पश्चिमेला आहे आणि जमिनीचा उतार पूर्वेला, म्हणून असे होते.

समुद्रावरून आठवले. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र! शब्द एकच, पण मराठीत येता येता नदीचा समुद्र झाला. निबंध लिहिताना तेवढे सांभाळा, नाहीतर घोड नदी दर्याला मिळते या वाक्याचा अर्थच बदलेल.

सह्याद्रीचा खडक काळा आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. आपले लोक त्याला काळा पाषाण किंवा काळा पत्थर म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. थरावर थर बसले आणि थंड होऊन त्यांचा खडक झाला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे. कसारा घाटातून किंवा खंडाळ्याच्या घाटातून रेल्वेने गेलात तर डोंगराच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. ते हेच थर होत. कठीण थर उभा राहतो, मऊ थर लवकर झिजून मागे सरकतो, म्हणून पायरी तयार होते.

एवढा कठीण दगड फुटतो कसा? त्याला फोडणारे अनेक आहेत. उन्हाळ्यात काळा पाषाण दिवसभर तापतो. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे कळेल. रात्री तो थंड होतो. तापला की तो किंचित पसरतो, थंड झाला की आकसतो. असे हजारो वर्षे रोज होत राहिले की त्याच्यातील भेगा रुंदावत जातात. भेगेत थोडी धूळ साचते, धुळीत एखादे बी पडते आणि रोप उगवते. जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर, पडक्या मशिदीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर उगवलेला पिंपळ तुम्ही पाहिला असेल. कोवळे असताना त्याचे मूळ सुताएवढे बारीक असते. पुढे तेच मूळ मनगटाएवढे होते आणि घडीव चिरे बाजूला सारते.

पण दगडाचा खरा शत्रू पाणी आहे, आणि ते पाणी जोराचे असावे लागत नाही. पावसाचा थेंब हवेतून आणि मातीतून जाताना तेथील कार्बन डायऑक्साइड वायू थोडासा आपल्यात विरघळवून घेतो. सोड्याच्या बाटलीत हाच वायू भरलेला असतो. त्यामुळे पाणी अगदी किंचित आम्लधर्मी होते, म्हणजे त्यात खूप सौम्य तेजाब तयार होते. ते भेगांत शिरते आणि दगडातील खनिजांची हळूहळू चिकणमाती करते. दगडात लोह असते. जुन्या सायकलीला गंज चढतो तसा त्यालाही गंज चढतो आणि काळा दगड पिवळसर-तांबूस होऊन भुसभुशीत बनतो. यालाच आपण मुरूम म्हणतो.

रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तेथे कधी नीट पाहा. मुरमात मोठमोठे गोल दगड रुतून बसलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात. हे गोल कोणी घडवले? मूळचा खडक चौकोनी ठोकळ्यांचा होता, कारण थंड होताना त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या होत्या. पाणी त्या चिरांतून सगळीकडून शिरले. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर मारा एकाच दिशेने होतो. कडेवर तो दोन दिशांनी होतो आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा जातात आणि मध्ये गोटा शिल्लक राहतो. साखरेचा खडा तोंडात ठेवला की तोही असाच गोल होत जातो.

विहीर खणणाऱ्यांना हे सगळे पुस्तकाशिवाय माहीत असते. वर काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो आणि मग पाषाण. 'पाषाण लागला' म्हणजे आता सुरुंग लावावा लागणार! तो वरपासून खालपर्यंतचा क्रम म्हणजे दगडाची माती कशी झाली याची गोष्टच आहे, फक्त ती उलटीकडून वाचायची.

या सर्व क्रियेला भूगोलात 'विदारण' म्हणतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. विदारणात खडक फुटतो, सडतो, पण जागच्या जागी राहतो. तो कोठे जात नाही. परीक्षेत पुष्कळ विद्यार्थी नेमके येथेच चुकतात आणि विदारण व झीज एकच समजतात. दगड फुटणे वेगळे आणि फुटलेला दगड वाहून जाणे वेगळे.

कोकणात पाऊस फार. तेथे विदारण इतके पुढे जाते की दगडातील बहुतेक विरघळणारे पदार्थ वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. त्याचा तांबडा, जाळीदार दगड बनतो. तो म्हणजे जांभा. रत्नागिरीकडील घरे या जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. तुमच्यापैकी ज्यांचे आजोळ कोकणात आहे त्यांना हे सांगायला नकोच.

आता पुन्हा घोड नदीच्या खोऱ्यात या. डोंगराच्या उतारावर मुरूम आणि माती यांचा जाड थर तयार झालेला आहे. खाली कठीण खडक आहे आणि वर हा सैल थर. गादीवरून चादर घसरावी तसा तो खाली का येत नाही? कारण मातीचे कण एकमेकांना धरून असतात आणि झाडांची मुळे त्यांना बांधून ठेवतात. पण पाऊस कित्येक दिवस सतत पडत राहिला तर पाणी त्या थरात मुरत जाते. मातीचे वजन वाढते. कणांमध्ये पाणी भरले की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. खालच्या खडकात पाणी सहज शिरत नाही. त्यामुळे सैल थर आणि खडक यांच्या मध्ये ओलसर, निसरडी जागा तयार होते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर असाच डोंगर खाली आला. माळीण हे डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आदिवासी वस्तीचे छोटे गाव होते. आदल्या दिवसापासून जोराचा पाऊस चालू होता. सकाळची वेळ, पाऊस चालू, त्यामुळे बरेच लोक घरातच होते. काही क्षणांत चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा घरांवर आला. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली. दीडशेहून अधिक माणसे मरण पावली.

बाहेरच्या जगाला हे कळले कसे, ते ऐका. त्या वाटेने नेहमी जाणारी एस.टी.ची बस आली. चालकाने पाहिले तर गाव दिसेना. रोजची ओळखीची घरे जेथे असत तेथे नुसता चिखल होता. त्याने ती बातमी कळवली आणि मग मदत निघाली. पाऊस थांबत नव्हता, रस्ता अरुंद होता, तरी जवान आणि आजूबाजूचे गावकरी दिवसरात्र चिखल उपसत राहिले. चिखलातून एका तान्ह्या बाळाला आणि त्याच्या आईला जिवंत बाहेर काढण्यात आले. बाळाचे रडणे ऐकू आले म्हणून तेथे शोध घेतला गेला.

माळीणचा डोंगर त्या एका सकाळी सैल झाला नव्हता. तो हजारो वर्षे सैल होत आला होता. पावसाने फक्त शेवटचा धक्का दिला. तज्ज्ञांनी इतरही कारणे सांगितली. उतारावरची झाडी कमी झाली होती आणि शेतीसाठी उतार कापून सपाट केलेले होते. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर मतभेद झाले. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. उताराचा पाय कापला की वरचा भाग आधार गमावतो. वाळूच्या ढिगाच्या तळातून मूठभर वाळू काढून पाहा. ढीग तुम्ही काढलेल्या जागेपुरताच ढासळत नाही, वरूनही ढासळतो.

वाचलेल्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवण्यात आले आणि २०१७ मध्ये लोक तेथे राहायला गेले. पण माळीण ही शेवटची दुर्घटना ठरली नाही. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी येथे दरड कोसळून अनेक माणसे गेली. जुलै महिना तिन्ही वेळा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. जूनमध्ये माती पाणी पिते. जुलैत ती भरते.

तुमच्यापैकी काही जण डोंगराच्या कुशीत राहत असतील. मुंबई-ठाण्याकडे टेकडीच्या उतारावर दाट वस्त्या आहेत, तेथेही राहत असतील. म्हणून हे नीट वाचा आणि घरी अब्बा-अम्मींना वाचून दाखवा. उतारावर जमिनीला नवी भेग पडलेली दिसली, विजेचा खांब किंवा झाड एका बाजूला कलू लागले, रोज स्वच्छ असणाऱ्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, किंवा घराच्या भिंतीला तडे जाऊन दारे-खिडक्या अडकू लागल्या, तर डोंगर हलू लागला आहे असे समजावे. अशा वेळी सामान गोळा करत बसू नये. माणसांनी आधी बाहेर पडावे, शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि मग तलाठी, पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. भेग दिसली तर ती मातीने बुजवून गप्प बसणारेही लोक असतात. तसे करू नका.

दरड ही डोंगराची घाई झाली. एरवीचे काम संथ असते. पावसाचा प्रत्येक थेंब उघड्या मातीवर आपटतो आणि काही कण उडवतो. मोकळ्या शेतातून गढूळ पाण्याचे ओहोळ निघतात. गवताने झाकलेल्या जमिनीवरून निघणारे पाणी पुष्कळसे नितळ असते. पावसाळ्यात दोन्हीकडचे पाणी दोन पेल्यांत भरून शेजारी शेजारी ठेवा. पुढची दोन पाने वाचण्यापेक्षा त्या पेल्यांवरून तुम्हाला जास्त समजेल.

ओहोळ ओढ्याला मिळतात, ओढे नदीला. नदीच्या पाण्यात नुसते पाणी नसते. त्यात माती, वाळू आणि गोटे असतात, आणि तीच नदीची हत्यारे आहेत. नितळ पाणी कठीण पाषाणाला फारसे काही करू शकत नाही. वाळू-गोटे घेऊन वाहणारे पाणी मात्र कानशीसारखे घासते. हे पाहायचे असेल तर कुकडी नदीच्या काठी निघोजला जावे. निघोज हे गाव पारनेर तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते, २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.

निघोजजवळ नदीचे पात्र काळ्या पाषाणाचे आहे आणि त्या पाषाणात शेकडो खोल, गोल खड्डे आहेत. लोक त्या जागेला 'कुंड' म्हणतात. जवळच मळगंगा देवीचे मंदिर आहे. भूगोलात या खड्ड्यांना 'रांजणखळगे' असे नाव आहे. रांजण म्हणजे पाणी साठवण्याचा मोठा मातीचा माठ, आणि खळगा म्हणजे खड्डा. नाव अगदी योग्य आहे. तोंड अरुंद, पोट रुंद आणि आतली बाजू कुंभाराने चाकावर फिरवावी तशी गुळगुळीत. काही खळगे घागरीएवढे आहेत, तर काही इतके खोल आहेत की उभा माणूस आत दिसेनासा होईल.

हे रांजण कोणी घडवले? नदीच्या पात्रातील खडकात आधी एखादी लहानशी खाच होती. पुराचे पाणी त्या खाचेवरून जाताना तेथे भोवरा झाला. भोवऱ्यात दोन-चार गोटे सापडले आणि गरगर फिरू लागले. पाण्याच्या जोराने ते खाचेच्या तळाला आणि बाजूंना घासू लागले. खाच खोल झाली तसा भोवरा बळकट झाला. भोवरा बळकट झाला तसे आणखी मोठे गोटे त्यात अडकले. पूर ओसरला की काम थांबे, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होई. फिरणारे गोटेही झिजून लहान होत आणि शेवटी त्यांची वाळू होई. मग नवे गोटे येत. उन्हाळ्यात पाणी कमी असताना काही खळग्यांच्या तळाशी असे गोल गोटे पडलेले दिसतात. काम अर्धवट टाकून कारागीर जेवायला गेला आहे असे वाटते!

शेजारशेजारचे दोन रांजण रुंद होत होत एकमेकांना भिडतात आणि मधली भिंत पडते. असे एकामागून एक झाले की नदीला एक खोल, अरुंद चर मिळतो. म्हणजे नदी आपला रस्ता केवळ कापत नाही, तो रांजण जोडून जोडून खोदते. नदीच्या या कामाला 'खनन' म्हणतात.

तेथे गेलात तर एक सूचना. खडक ओला असेल तर काठाजवळ जाऊ नका. ज्या गुळगुळीतपणाचे आपण कौतुक करतो त्यावर पाय ठरत नाही, आणि खळग्यात पडलेल्या माणसाला वर यायला धरण्याजोगे काही नसते.

कुकडीत घासून निघालेली वाळू घोड नदीत येते आणि तेथून भीमेत. जड गोटे तळाशी गडगडत जातात, वाळू उड्या मारत जाते आणि बारीक चिकणमाती पाण्यात तरंगत जाते. तुमच्या पावसाळी चहाच्या रंगाचे नदीचे पाणी पाहिलेत की समजा, कोणाचे तरी शेत प्रवासाला निघाले आहे. याला 'वहन' म्हणतात. वहनाला वेग लागतो. वेग कमी झाला की नदी आपले ओझे खाली ठेवू लागते. आधी गोटे ठेवते, मग वाळू आणि सर्वांत शेवटी चिखल. ओझे ठेवण्याच्या या कामाला 'संचयन' म्हणतात.

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. काठाला वाळूचे विस्तीर्ण पात्र आहे आणि त्याला वारकरी 'वाळवंट' म्हणतात. एरवी वाळवंट म्हणजे रेगिस्तान. पण नदीकाठी वाळवंट म्हणजे नदीने आणून टाकलेली वाळू. नदीचे कोणतेही वळण पाहा. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोराने आपटते आणि तो काठ कापला जातो. आतल्या काठाजवळ पाणी मंद असते, तेथे वाळू साचते. त्यामुळे वळण आणखी वळते. म्हणून नदीकाठी शेत घेताना जुनी माणसे वळणाची आतली बाजू पसंत करतात. बाहेरच्या बाजूचे शेत कागदावर तेवढेच राहते, पण जागेवर दरवर्षी थोडे कमी भरते.

पूर्वी या वाळू-मातीचा प्रवास समुद्रापर्यंत चाले. आता वाटेत धरणे आहेत. माळीणच्या खालच्या बाजूला घोड नदीवर डिंभे धरण आहे. पुढे भीमेवर सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण आहे, ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्याही पुढे कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर. धरणाच्या पाण्यात शिरताच नदीचा वेग जातो आणि ती आपले ओझे तेथेच टाकते. धरणाच्या तळाशी गाळाचा थर चढत जातो आणि पाण्याला जागा कमी पडते. म्हणजे डोंगरावर झाड तुटले की त्याचा हिशोब शंभर कोसांवरच्या शहराच्या नळाला द्यावा लागतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तलावांतील गाळ काढून शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात पसरायचा, अशी ती कल्पना आहे. मला ही कल्पना आवडते, कारण तो गाळ मुळात वरच्या शेतांचाच असतो.

तिकडे आंध्र प्रदेशात कृष्णेच्या मुखाशी उलटा प्रश्न उभा राहिला आहे. नदीने गाळ आणून टाकून तेथे सपाट, सुपीक त्रिभुज प्रदेश तयार केला होता. समुद्राच्या लाटा किनारा खातात आणि नदी नवा गाळ देते, असा तो व्यवहार होता. आता धरणांमुळे पूर्वीइतका गाळ येत नाही. लाटांचे खाणे मात्र चालूच आहे, आणि काही ठिकाणी किनारा मागे हटतो आहे.

साचलेल्या गाळाचे शेवटी काय होते? याचे उत्तर कदाचित तुमच्या पायाखालीच आहे. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात किंवा घरी शहाबादी फरशी असेल. ती कर्नाटकातील शहाबाद गावाच्या परिसरातून येते. हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात आहे. कलबुर्गी म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा. हजरत ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यामुळे हे नाव तुमच्या कानावर असेलच. आपली भीमा नदी त्याच जिल्ह्यातून वाहते, आणि बहमनी सुलतान फिरोजशाहाने वसवलेल्या फिरोजाबाद शहराचे अवशेष तिच्याच काठी आहेत.

शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. सह्याद्रीचा लाव्हा बाहेर येण्याच्या कितीतरी आधी तेथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक चिखल थराथराने साचला. वरच्या थरांच्या वजनाने खालचे थर दाबले गेले, त्यांतील पाणी निघून गेले आणि चिखलाचा दगड झाला. फरशीची तुटलेली कड निरखून पाहा, पातळ थर दिसतील. थर वेगळे होतात म्हणूनच खाणीतून सपाट फरशी काढता येते. अम्मी फरशीवर सांडलेले लिंबू लगेच पुसायला सांगते, त्यालाही कारण आहे. लिंबाच्या आम्लाने चुनखडक विरघळतो आणि चकाकी जाते. पाऊस डोंगराशी जे सावकाश करतो तेच लिंबू फरशीशी पटकन करते.

आता एक काम. चटणीची किंवा लोणच्याची काचेची स्वच्छ बाटली घ्या. तिच्यात पाव भाग घराजवळची माती घाला. शक्य असेल तर नदी-नाल्याच्या काठची आणा. त्यावर गळ्यापर्यंत पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि शंभर आकडे मोजेपर्यंत जोरात हलवा. हा तुमचा पूर. मग बाटली खिडकीत ठेवून द्या आणि तिला हात लावू नका. घरात लहान भावंडे असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. खडे आणि जाड वाळू तुम्ही पाहत असतानाच खाली बसेल. सकाळी उठून पाहाल तर तिच्यावर बारीक वाळूचा आणि त्याहून वर मऊ चिखलाचा थर असेल. पट्टी लावून प्रत्येक थर किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहा आणि माती कोठली होती तेही लिहा. वर्गात सगळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडा. डोंगराजवळ राहणाऱ्याची बाटली आणि नदीकाठी राहणाऱ्याची बाटली सारखी दिसणार नाही. वरचे पाणी अजून गढूळ असेल तर आणखी एक दिवस थांबा.